लेकराच्या नावाने बेचाळीस किलोमीटर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मूल गेल्यानंतर त्याच्या आठवणीत मॅरेथॉन धावायची आणि एखाद्या संस्थेसाठी निधी उभा करायचा, असं ठरवलेल्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. ओळख पटेल असा मजकूर पत्रांतून काढला आहे. उत्तरं धावण्याचं प्रशिक्षण, शोक-समुपदेशन आणि निधी-संकलन या तीन क्षेत्रांतल्या लोकांनी मिळून लिहिली आहेत. सगळ्यांनाच लागू पडेल अशी एक गोष्ट आधी सांगतो: मुलावरची माया आणि घड्याळातली वेळ, मुलावरची माया आणि जमलेली रक्कम, यांची गाठ बांधू नका. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

माझी मुलगी सात महिन्यांपूर्वी गेली. मी ४४ वर्षांचा आहे, शाळा सुटल्यापासून कधी धावलो नाही. मॅरेथॉन पाच महिन्यांवर आहे आणि नावनोंदणी याच आठवड्यात बंद होते. जमेल का?

पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावत, पाच महिन्यांत, शून्यापासून? आमचा सल्ला नाही असा आहे. मॅरेथॉनचे १६ ते २० आठवड्यांचे जे आराखडे मिळतात, ते तुम्ही आधीच आठवड्यातून तीनदा पाचेक किलोमीटर सहज धावता असं धरून बनवलेले असतात. तो पाया घालायलाच ८ ते १० आठवडे लागतात. म्हणजे एकूण सहा-सात महिने, आणि आजारपणाची, वाईट आठवड्यांची जागा धरली तर आठ-नऊ. पाच महिन्यांत अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, व्यवस्थित होते. या वर्षी ती आणि पुढच्या वर्षी पूर्ण, हा मार्ग आम्हाला सर्वांत चांगला वाटतो.

तरीही याच वर्षी पूर्ण करायची असेल तर धावणं आणि चालणं आलटून-पालटून करा. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. एक मिनिट धावायचं, एक मिनिट चालायचं, आणि हे दमल्यावर नाही तर पहिल्या मिनिटापासून करायचं. दमल्यावर चालायला लागलेल्या माणसाला पुन्हा धावायला लागणं फार जड जातं. नाव नोंदवण्यापूर्वी शर्यतीची कमाल वेळ तपासा. सहा तासांची मर्यादा म्हणजे प्रत्येक किलोमीटर ८ मिनिटं ३२ सेकंदांत. सात तासांची म्हणजे ९ मिनिटं ५७ सेकंदांत. नुसतं भरभर चालून सात तासांतही बसणं कठीण असतं.

आठवड्याला चार दिवस पुरेत: दोन दिवस ३० ते ४५ मिनिटं, एक दिवस तासभर, आणि एक दिवस लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. लाँग रन दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटरने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला एक तृतीयांशाने कमी करा. सर्वांत मोठी धाव २८ ते ३२ किलोमीटर किंवा साडेतीन तास, यांपैकी जे आधी होईल ते. त्यापुढे फायदा थोडा आणि झीज फार. शेवटच्या तीन आठवड्यांत एकूण अंतर अंदाजे तीन चतुर्थांश, मग निम्मं, मग त्याहून कमी.

नवख्यांना दुखापत बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. दम लवकर वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिनोन्‌महिने घेतात. श्वास म्हणतो पळ, आणि नडगीचं हाड तयार नसतं. शोकात याला आणखी एक धार येते. ‘तिने इतकं सोसलं, मला एवढंही सोसू नये?’ हे वाक्य आम्ही पुष्कळ पालकांकडून ऐकलं आहे, आणि दुखणं लपवण्याची सुरुवात तिथूनच होते. म्हणून नियम आधीच कागदावर लिहून ठेवा: दुखण्याने चाल बदलली की धाव थांबवायची. एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाड दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. तो ताणामुळे पडलेला सूक्ष्म अस्थिभंग असू शकतो आणि त्यावर धावलं तर हाड पूर्ण मोडू शकतं.

झोपेचंही तसंच. लागोपाठ दोन रात्री पाच-सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी लाँग रन करू नका, अर्धा तास चाला. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त असेल तर विश्रांती घ्या.

आमचा १७ वर्षांचा मुलगा खेळता खेळता कोसळला. शवविच्छेदनात ठोस कारण मिळालं नाही. त्याच्यासाठी मी आणि त्याची बहीण धावणार आहोत, सराव सुरूही केला आहे. काही काळजी घ्यावी का?

ताई, सराव आजच थांबवा आणि दोघींची हृदयाची तपासणी करून घ्या. या पानावरचं सर्वांत तातडीचं उत्तर हेच आहे.

तरुण माणूस श्रम करताना अचानक गेला आणि शवविच्छेदनात काही सापडलं नाही, तर हृदयाच्या विद्युत-यंत्रणेतला आनुवंशिक दोष शक्य असतो. लाँग क्यूटी सिंड्रोम, ब्रुगाडा सिंड्रोम, श्रमाने किंवा भावनेच्या भरात ठोके बिघडवणारा सीपीव्हीटी हे त्यांपैकी. यांत हृदयाची रचना साधारण दिसते, म्हणून शवविच्छेदनात ते सापडत नाहीत. स्नायू जाड होणारा हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हा आजार रचनेत दिसतो, पण तोही घराण्यात उतरतो. असा जनुकीय दोष आई किंवा वडिलांपैकी एकात काहीही त्रास न देता असू शकतो, आणि मग प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते. तुमच्या मुलीसाठी ही तपासणी शर्यतीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

आई, वडील आणि सगळी भावंडं यांचा ईसीजी, इकोकार्डिओग्राम आणि श्रम-चाचणी व्हायला हवी. गरजेनुसार चोवीस तासांचा हॉल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सलग नोंदवणारं यंत्र. नेहमीच्या आरोग्य तपासणीतला ‘सर्व ठीक’ हा शेरा इथे पुरत नाही. आनुवंशिक हृदयरोग पाहणारे हृदयरोगतज्ज्ञ शोधा, आणि मुलाच्या रक्ताचा किंवा ऊतीचा नमुना जपून ठेवला आहे का ते विचारा. असेल तर त्यावर जनुकीय चाचणी होऊ शकते. धावताना चक्कर, छातीत दुखणं, ठोके अनियमित वाटणं असं काहीही झालं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. सगळं स्वच्छ निघालं तर त्यांच्या परवानगीने जरूर धावा.

चार महिन्यांपूर्वी आमचं बाळ जन्मतःच गेलं. मला त्याच्यासाठी धावायचं आहे. घरातले म्हणतात, ‘आता तर तुझ्याकडे वेळ आहे.’ कधी सुरू करू?

बाळ घरी आलं नाही तरी तुमचं शरीर बाळंतपणातून गेलं आहे. बाळंतिणीची सगळी पथ्यं तुम्हाला लागू आहेत, आणि घरातल्यांना हे स्पष्ट सांगा.

बाळंतपणानंतर धावण्याबद्दल २०१९ साली ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं पहिले १२ आठवडे धावू नये असं सांगतात. सिझेरियन असेल तर आणखी सबुरी लागू शकते. त्यानंतरही आधी श्रोणीतळाच्या, म्हणजे ओटीपोटाला खालून आधार देणाऱ्या स्नायूंची तपासणी, मग या चाचण्या त्रासाविना जमायला हव्यात: ३० मिनिटं चालणं, एका पायावर १० सेकंद तोल, एका पायावर अर्धवट बैठक दोन्ही बाजूंनी दहा-दहा, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, पुढे दहा झेपा, एका पायावर दहा-दहा उड्या. यांत लघवी गळली, योनीत जडपणा वा काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटलं, रक्तस्राव झाला, तर मागे या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना भेटा. रक्तस्राव जास्त झाला असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, तपासून घ्या. लोह कमी असताना सराव वाढवला की थकवा येतो आणि तो शोकाच्या खाती लिहिला जातो.

सगळं ठीक असेल तर पाच किलोमीटरपर्यंत दोन ते तीन महिने आणि त्यापुढे मॅरेथॉनची तयारी. आजपासून एका वर्षाच्या आतली पूर्ण मॅरेथॉन घेऊ नका.

निधी कुणासाठी, कसा जमवायचा? आमच्या मुलावर ज्या वॉर्डात उपचार झाले त्यालाच पैसे मिळावेत असं वाटतं. की त्याच्या नावाने स्वतःचीच संस्था काढावी?

संस्था काढू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. नोंदणी, विश्वस्त, हिशेबतपासणी, दरवर्षीची विवरणपत्रं हे सगळं मागे लागतं, आणि पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला की ते काम एकट्या आईच्या किंवा बाबांच्या गळ्यात पडतं. एखाद्या चालू, नोंदणीकृत संस्थेत मुलाच्या नावाचा निधी ठेवता येतो का ते विचारा. हिशेब ती ठेवते, नाव तुमच्या मुलाचं राहतं.

वॉर्डाच्या बाबतीत एकच गोष्ट लेखी मागा: देणगी त्या वॉर्डासाठी राखीव राहील, की रुग्णालयाच्या सर्वसाधारण निधीत जाईल? तोंडी आश्वासनावर जाऊ नका, कारण नंतर कळलं तर फार लागतं. यंत्र द्यायचं असेल तर देखभालीचा दरवर्षीचा खर्च कोण करणार आणि ते चालवायला माणूस आहे का, हेही विचारा. देणगीतलं यंत्र देखभालीअभावी पडून राहिलं की त्यावरची नावाची पाटी पाहवत नाही. रक्कम लक्ष्यापेक्षा जास्त जमली किंवा कमी पडली तर काय, हेही त्याच पत्रात यावं. वॉर्डात आई-वडिलांना रात्री पडायला जागा, भावंडांसाठी समुपदेशन, अशा कामांना देणगीदार सहसा आपणहून पुढे येत नाहीत. आमच्या मते तिथे पैसा जास्त कामी येतो.

मोठ्या मॅरेथॉनमध्ये संस्थांकडे राखीव जागा असतात. त्या बदल्यात धावणाऱ्याने ठरावीक किमान निधी जमवायचा असतो. या पद्धतीला एका बापाच्या धडपडीने जोर दिला. ब्रूस क्लेलंड यांच्या लेकीला, जॉर्जियाला, ल्युकेमिया झाला होता. १९८८ साली त्यांनी ३८ जणांची तुकडी बांधून, एकत्र सराव करून न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली आणि रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवला. त्यातून ‘टीम इन ट्रेनिंग’ हा उपक्रम उभा राहिला. राखीव जागा घेताना करार नीट वाचा. रक्कम कमी पडली तर फरक तुमच्या कार्डावरून कापला जाईल, अशी अट काही ठिकाणी असते. दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी नेता येते का, आणि तेव्हा किमान निधी पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो का, हे सही करण्यापूर्वी विचारा. तुम्ही स्वतःच्या नावनोंदणीवर धावलात तर असलं बंधन राहत नाही. किमान रकमेचं ओझं शोकात नको असेल तर हाच रस्ता धरा.

पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नका. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाईल असं ऑनलाइन पान उघडा; पावती आणि मिळत असेल ती करसवलत देणाऱ्याला थेट मिळते, आणि ‘पैशांचं काय झालं’ हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. रोख आलीच तर दोघांनी मोजायची, वहीत लिहायची आणि त्याच आठवड्यात भरायची. नावनोंदणी, प्रवास, बूट यांचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल तर पानावर तसं एका ओळीत लिहा. लोकांना ते जाणून घ्यायचं असतं आणि विचारायला संकोच वाटतो.

पान शर्यतीच्या १० ते १२ आठवडे आधी उघडा, पण जाहीर करण्याआधी पाच-सात जवळच्या माणसांना देणगी द्यायला सांगा. नंतर येणारे लोक आधीच्या रकमा पाहून आपली ठरवतात, आणि शून्यावरच्या पानावर पहिला हात टाकायला कुणी धजत नाही. नोकरी करत असाल तर कंपनी कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकी भर घालते का ते विचारा. शर्यतीनंतर पान लगेच बंद करू नका. पुष्कळ लोक तुम्ही पोचल्याचं कळल्यावरच देतात.

पानावर मुलीचा फोटो टाकावा का? मला टाकायचा आहे, माझ्या नवऱ्याला नको आहे. आणि ती कशी गेली ते किती लिहावं?

नवऱ्याला नको असेल तर टाकू नका. एकदा पसरलेला फोटो परत घेता येत नाही, आणि उद्या तो अनोळखी माणसाच्या फोनवर दिसला तर त्यांना तो धक्का नव्याने बसेल. तिने काढलेलं चित्र, तिची सही, तिच्या आवडीचा रंग यांवरही पान उभं राहतं. नावाचा पहिला भाग पुरे. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळा एकत्र छापू नका. गेलेल्या मुलांच्या माहितीचाही गैरवापर होतो. भावंडांना मजकूर आधी वाचायला द्या. शाळेत त्यांना त्यावरून प्रश्न येणार आहेत.

मजकुराची सुरुवात तिच्या जाण्याने करू नका, तिच्यापासून करा. ‘आमची लेक नऊ वर्षांची होती, तिला किडे-मुंग्या पाळायचा नाद होता’ इतकं साधं. मग आजाराबद्दल दोन वाक्यं, मग संस्था नेमकं काय करते, मग पैसे कशासाठी. दीडशे ते दोनशे शब्दांत संपवा.

मूल आत्महत्येने गेलं असेल तर जास्त जपायला हवं. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर यांतलं काहीही लिहू नये, आणि ‘अमुक एका कारणामुळे’ असंही लिहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचना हेच सांगतात, कारण अशा तपशिलांचा त्याच टोकाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलावर परिणाम होतो. मदतीचा क्रमांक मात्र जरूर द्या.

प्रतिक्रिया आधी एखाद्या मैत्रिणीने किंवा भावाने वाचाव्यात. ‘जे होतं ते बऱ्यासाठीच’ असं लिहिणारा कुणीतरी भेटतोच.

सगळ्या कुटुंबासाठी फोटो छापलेले टी-शर्ट करायचे आहेत. काही सूचना?

सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, जड होतं आणि काखेत, स्तनाग्रांवर घासून रक्त काढतं. पॉलिस्टरचा, घाम वाळणारा घ्या. छातीवर प्लास्टिकसारखा जाड थर बसवून केलेली छपाई हवा अडवते, घामाने आतून चिकटते आणि धुतल्यावर तडकते. फोटोला तडा गेलेला पाहणं नको. रंग धाग्यातच मुरतो अशी सब्लिमेशन छपाई करा, त्यासाठी कापड पांढरं किंवा फिकट लागतं.

छातीवर बिब, म्हणजे धावणाऱ्याचा क्रमांक छापलेला कागद, लावायचा असतो आणि तो साधारण वहीच्या पानाएवढा असतो. फोटो समोर छापला तर चेहरा बिबखाली जाईल आणि पिना त्यातूनच टोचल्या जातील. म्हणून फोटो पाठीवर घ्या.

नावाचा विचार मात्र शांतपणे करा. रस्त्याकडेचे लोक छातीवरचं नाव वाचून ओरडतात. तुमच्या मुलाचं नाव समोर असेल तर पाच-सहा तास अनोळखी माणसं तेच तुमचं नाव समजून तुम्हाला हाका मारत राहतील. काही आई-बाबांना नेमकं तेच हवं असतं, कारण ते नाव आता मोठ्याने कुणी घेत नाही. काहींना ते दहाव्या किलोमीटरलाच असह्य होतं. शंका असेल तर समोर स्वतःचं नाव घाला, पाठीवर मुलाचं. टी-शर्ट घालून किमान एक लाँग रन करा, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा अंगात घालू नका. खिशात त्याची एखादी वस्तू न्यायची असेल तर एकमेव असलेली नेऊ नका. प्रत न्या, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

मी ६६ वर्षांची आहे. नातवासाठी पूर्ण मॅरेथॉन चालत करता येईल का?

शर्यतीची वेळमर्यादा आठ तास असेल तर, डॉक्टरांच्या परवानगीने आणि सहा-सात महिन्यांच्या सरावाने, होय. सहा-सात तासांची असेल तर शेवटच्या टप्प्यात रस्ता वाहनांसाठी उघडला जाईल आणि तुम्हाला गाडीत बसवतील. दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉन निवडा. निधी अंतराच्या हिशेबाने येत नाही.

लाँग रनमध्ये मध्येच रडू फुटतं आणि श्वास कोंडतो. एकटं धावावं की गटात? आणि हे चांगलं की वाईट?

रडताना घसा आवळला जातो आणि श्वास तुटक होतो; धावण्याला तर लयीत श्वास हवा. दोन्ही एका वेळी जमत नाही, त्यामुळे रडू आलं की धावू नका. गर्दीत जागेवर उभे राहू नका, मागचा आदळेल. हात वर करून कडेला या आणि चाला. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. भरभर श्वासामुळे हातापायांना मुंग्या आल्या असतील तर त्या दोन-तीन मिनिटांत जातात.

यात बिघडलेलं काही नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ साली मांडलं की शोकात माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो: कधी गेलेल्या माणसाकडे तोंड करून, कधी रोजच्या जगण्याकडे. ही ये-जा चालू असणं हेच निरोगी. काळजी तेव्हा करायची जेव्हा धावणं एकाच बाजूची पळवाट होतं: विश्रांतीच्या दिवशी अपराधी वाटतं, दुखत असूनही थांबवत नाही, घरात मुलाचा विषय निघाला की बूट चढवले जातात. असं होत असेल, किंवा बराच काळ लोटूनही रोजची कामं ठप्प असतील, तर शोकावर काम करणाऱ्या समुपदेशकांकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर शर्यतीची वाट पाहू नका. आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

गटाबद्दल: मधले दिवस एकटे, लाँग रन कुणाबरोबर तरी. गटातल्या एकाला आधी सांगून ठेवा की मी मागे पडलो तर काही विचारू नका, नुसते बरोबर चाला. मूल गमावलेल्या पालकांचा गट मिळाला तर तो वेगळाच आधार असतो. ‘द कंपॅशनेट फ्रेंड्स’ ही १९६९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सुरू झालेली चळवळ अशाच पालकांनी उभी केली, आणि आज ती अनेक देशांत आहे.

शर्यतीच्या दिवशी खाणं-पिणं आणि वेग कसा ठेवू? सगळे म्हणतात, ३० किलोमीटरनंतर भिंत लागते.

भिंत म्हणजे स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपणं. सुरुवातीला वेगाने गेलात तर ती लवकर येते, म्हणून पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दर किलोमीटरला १०-१५ सेकंद हळू जा. सुरुवातीच्या रेषेवर मुलाच्या आठवणीने छाती भरून येते आणि पाय आपोआप सुटतात. घड्याळ पाहा, मनाचं ऐकू नका.

शेवटचे दोन दिवस कर्बोदकं वाढवा आणि तंतुमय पदार्थ कमी करा. धावताना पाऊण तासानंतर सुरू करून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. एका जेलमध्ये, म्हणजे धावपटूंसाठीच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीत, साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे अर्ध्या तासाला एक, घोटभर पाण्याबरोबर. सरावात न घेतलेलं काहीही त्या दिवशी घेऊ नका.

पाणी तहान लागेल तेवढंच. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालं होतं, आणि धावताना वजन वाढणं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणं, हे त्यामागचं ठळक कारण होतं. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते प्रत्येक टेबलापाशी थांबून पितात. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय तंबू गाठा. मूल गेल्यानंतर तुम्हाला नैराश्यावरची एसएसआरआय गटातली गोळी सुरू केली असेल तर तीही सोडियम कमी करू शकते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना शर्यतीबद्दल सांगा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं धावण्याआधी किंवा धावताना घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. बिबच्या मागे औषधं, ॲलर्जी आणि एक फोन नंबर लिहा.

शर्यत १२ दिवसांवर आली आणि पिंढरी फाटली. लोकांनी पैसे देऊन ठेवले आहेत. न धावता कसं तोंड दाखवू?

देणगी तुमच्या मुलासाठी आणि संस्थेच्या कामासाठी आहे. आज रात्री तीन ओळी लिहा: दुखापत झाली, डॉक्टरांनी मनाई केली, पैसे संस्थेला पोचतील आणि मी अमुक दिवशी बरा होऊन धावेन किंवा धावणार नाही. कुणाला परत हवे असतील तर संस्थेशी बोला. ते क्वचितच कुणी मागतं. बिब दुसऱ्याला देऊन त्याला तुमच्या नावावर धाववू नका. बहुतेक ठिकाणी हे नियमबाह्य आहे, आणि तो कोसळला तर डॉक्टरांपुढे माहिती तुमची असेल. जागा पुढे ढकलण्याची मुदत बहुधा शर्यतीच्या काही दिवस आधी संपते, म्हणून आयोजकांना उद्याच कळवा.

शर्यत झाली काय किंवा हुकली काय, त्यानंतरचे दोन-तीन आठवडे अवघड जातात. महिनोन्‌महिने दिवसाला आकार देणारा सराव एकदम संपतो आणि मूल काही परत आलेलं नसतं. त्या आठवड्यांत समुपदेशकाची एक भेट आणि मित्राबरोबरचं एक फिरणं आत्ताच ठरवून ठेवा. दुसऱ्या शर्यतीत नाव महिनाभर घालू नका. आणि देणगीचं पान बंद होण्याआधी त्यावरचे सगळे संदेश, नावं आणि फोटो स्वतःकडे उतरवून ठेवा. मुदत संपली की काही संकेतस्थळं पान काढून टाकतात.